चेंडू हवेत, नाकही हवेत

मॅच बघताना हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. बॅटरने कव्हर ड्राइव्ह मारलेला असतो. फटका दिसायला झकास, पण चेंडू गवतावरून सरपटत जाण्याऐवजी आधी गुडघ्याएवढ्या आणि मग कमरेएवढ्या उंचीवरून जातो. कव्हरचा फील्डर झेप घेतो, चेंडू त्याच्या बोटांच्या टोकांना लागतो आणि निसटतो. स्टेडियममधून एकच 'ऊऽऽ' ऐकू येतो आणि त्यातच इंग्रजी कॉमेंटेटर म्हणून जातो, 'प्लेड अपिश्ली!'

अर्थ विचारायला तुम्ही थांबत नाही, कारण तो समोर दिसतच असतो. चेंडू हवेत होता, भाऊ थोडक्यात वाचला. विषय संपला.

आता दुसरं दृश्य. तुमचं कॅन्टीन. एकजण काउंटरवरच्या काकांकडे न बघताच हात पुढे करून 'दोन कटिंग' म्हणतो. बोलताना नजर मोबाइलवर आणि हनुवटी वर. मग टेबलाशी येतो. ग्रुपमधल्या कुणी एखादी साधी शंका विचारलेली असते. हा भुवई उंचावून म्हणतो, 'एवढंही माहीत नाही तुला?' या वागण्याचं इंग्रजीत वर्णन करायचं असेल, तर पुन्हा तोच शब्द हजर. अपिश्ली. शिष्टपणे, तोऱ्यात, समोरच्याला खालचा समजून.

एकाच क्रियाविशेषणात फसलेला ड्राइव्हही बसतो आणि फसलेला माणूसही बसतो. हे कसं काय? आज जरा याच शब्दाला नेटमध्ये घेऊ.

आधी शब्द सोडवू या. मुळात आहे 'अप', म्हणजे वर. त्याला लागला 'इश'. हा प्रत्यय तुमच्या ओळखीचा आहे. रेडिश म्हणजे लालसर, चाइल्डिश म्हणजे पोरकट. आपल्याकडे हेच काम 'सर' करतो : काळसर, गोडसर, ओलसर. त्या हिशेबाने 'अपिश' म्हणजे शब्दशः 'वरसर'. पूर्ण वर नाही, पण जिथे असायला हवं त्याच्या थोडं वर. शेवटी 'ली' लागला की झालं क्रियाविशेषण. असा शब्द मराठीत नाही, असं वाटत असेल तर थांबा. आपल्याकडे 'चढेल' आहे की! 'चढ'ला 'एल' लागून झालेलं विशेषण. भाव चढतात, पारा चढतो आणि माणूस चढेल होतो. त्याला 'पणे' लावा. 'चढेलपणे' हा 'अपिश्ली'चा अगदी सख्खा भाऊ निघेल, पण फक्त माणसाच्या बाबतीत. चेंडू चढेलपणे मारला, असं आपण म्हणत नाही. चेंडूसाठी आपण 'हवेत' म्हणतो. गंमत अशी, की हा 'हवेत' मात्र दोन्हीकडे चालतो. 'चेंडू हवेत... आणि झेल!' हेही मराठीच, आणि 'फर्स्ट क्लास मिळाल्यापासून स्वारी हवेत आहे' हेही मराठीच.

म्हणजे इंग्रजीने आणि मराठीने एकमेकींना न विचारता एकच गोष्ट ओळखली. जे उगाच वर जातं, ते झेलता येतं.

आता मैदानावर जाऊ, कारण तिथे या शब्दाचा अर्थ फार काटेकोर आहे. हवेत गेलेला प्रत्येक फटका अपिश नसतो. मिडऑनच्या डोक्यावरून ठरवून, मोजूनमापून मारलेला फटका 'लॉफ्टेड'. टायमिंग चुकलं, चेंडू सरळ आभाळात गेला आणि खाली तीन फील्डर 'माझा, माझा' म्हणून ओरडायला लागले, तर तो 'स्काइड'. टप्पा पडून चेंडू वर उठत असतानाच त्याला ड्राइव्ह केलं तर ते 'ऑन द अप'. या 'अप'चा आणि 'अपिश'चा घोळ घालू नका. ऑन द अप मारलेला चेंडू जमिनीला घासत सीमापार जाऊ शकतो. 'अपिश' बहुतेक वेळा कधी म्हणतात? बॅटरच्या मनात चेंडू खाली ठेवायचा होता, पण तो राहिला नाही तेव्हा. फटक्यात बेत होता, ताबा नव्हता.

ताबा का सुटतो, हे कुठल्याही मैदानावरचा कोच तुम्हाला सांगेल. चेंडू पिचवर थांबून आला आणि तुम्ही घाईने बॅट पुढे नेली. चेंडू लांब होता आणि तुम्ही जागेवरूनच हात लांब केले. खालच्या हाताने जोर जास्त लावला. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे डोकं. डोकं चेंडूच्या वर असायला हवं होतं, ते मागे गेलं. डोकं मागे गेलं की वजन मागे जातं, बॅटचा चेहरा आभाळाकडे बघायला लागतो आणि चेंडू उठतो. फटका किती देखणा मारला हे बघायच्या नादात डोकं आधीच वर उचललं, की हमखास हे होतं.

म्हणून जुन्या पद्धतीच्या कोचिंगचा पहिला धडा एकच होता : चेंडू जमिनीवर ठेव. झेलाच्या नियमाचं गणितही सोपं आहे. बॅटला लागलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी पकडला तरच झेल. टेकला की संपलं. हे गणित सगळ्यात गंभीरपणे घेतलं डॉन ब्रॅडमनने. 52 कसोटी, 6,996 धावा, सरासरी 99.94 आणि या सगळ्यात षटकार फक्त 6. पुन्हा वाचा : सहा. आज आयपीएलमध्ये एखादा पोरगा चहा गार व्हायच्या आत एवढे मारतो. ब्रॅडमनला मारता येत नव्हते असं थोडंच आहे? जमिनीवरून गेलेला चेंडू कुणी झेलू शकत नाही, एवढा साधा हिशेब.

आपल्या गल्लीतसुद्धा हा हिशेब होताच. 'वन टप्पा आउट' असायचं. कंपाउंडबाहेर डायरेक्ट मारलं तर आउट, वर चेंडू आणायलाही त्यानेच जायचं. जागा लहान, खिडक्या जास्त. त्यामुळे फटका खाली ठेवायला शिकावंच लागायचं.

टी-20 आल्यावर हे सगळं बदललं, असं तुम्ही म्हणाल. थोडं बदललं, खरं आहे. पहिल्या सहा ओव्हरमध्ये सर्कलबाहेर दोनच फील्डर ठेवता येतात. मग वरून मारणं हा वेडेपणा नसून शहाणपणा ठरतो. पण नीट ऐका. त्याच टी-20मध्ये कॉमेंटेटर ठरवून मारलेल्या षटकाराला सहसा अपिश म्हणत नाहीत. तो शब्द ते चुकून उठलेल्या फटक्यासाठी राखून ठेवतात. उंची हा गुन्हा नाहीच. ताबा नसताना घेतलेली उंची म्हणजे अपिश. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मैदानाबाहेर. 'अपिश' हा शब्द तीनशेहून अधिक वर्षं जुना आहे आणि त्याच्या लहानपणी त्याचीच टिंगल झालेली आहे. 'गलिव्हर'वाला जोनाथन स्विफ्ट तुम्हाला माहीत असेल. 1710मध्ये त्याने 'टॅटलर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. हल्लीची पोरं इंग्रजी कशी बिघडवतात, अशी तक्रार करणारा. नमुना म्हणून त्याने एक खोटं पत्र रचलं आणि त्यात त्याला न आवडणारे नवे फॅशनेबल शब्द ठासून भरले. त्यात 'बॅम्बूझल' होता आणि आपला 'अपिश'सुद्धा होता. तेव्हा त्याचा रोख उत्साहात असलेला, जोरात आलेला, असा होता. त्याच लेखात स्विफ्टचा 'मॉब' आणि 'बॅन्टर' या शब्दांवरही राग आहे. आज हे सगळे शब्द डिक्शनरीत ऐटीत बसलेत. तेव्हा ग्रुपवरच्या तुमच्या भाषेला कुणी नाक मुरडलं तर फार मनाला लावून घेऊ नका. ही परंपरा जुनी आहे.

म्हणजे बघा, शिष्टपणाला नाव देणारा शब्द आधी स्वतःच शिष्टपणाचा बळी ठरला होता.

शिष्टपणाचे शब्द कुठल्याही भाषेत उंचीवरच का जातात, हाही एक मजेशीर प्रकार आहे. इंग्रजीत 'हाय अँड मायटी', 'स्टक-अप', 'लुकिंग डाउन'. मराठीत नाक वर, मान ताठ, डोक्यात हवा. आपला 'उच्चभ्रू' तर फोडून बघा : उच्च अधिक भ्रू, म्हणजे भुवया उंचावलेला. त्या कॅन्टीनमधल्या हिरोचा फोटोच आहे हा.

आणि 'स्नॉब'? या शब्दाची एक गोष्ट फॉरवर्ड होत असते. लॅटिनमधल्या 'खानदान नसलेला' अशा अर्थाच्या दोन शब्दांचं ते लघुरूप आहे म्हणे. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. 'स्नॉब' म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चांभार, किंवा त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द विद्यापीठात न शिकणाऱ्या गावातल्या साध्या लोकांसाठी वापरायला सुरुवात केली. मग तो खालच्या थरातल्या माणसासाठी आला. मग वरच्यांची नक्कल करणाऱ्यासाठी. आणि थॅकरेच्या 1848मधल्या 'द बुक ऑफ स्नॉब्स'नंतर तो आजच्या अर्थाकडे सरकला. ज्या शब्दाने वरचे खालच्यांना हिणवत होते, तोच फिरून हिणवणाऱ्यांच्या गळ्यात पडला. हा चांभाराचा धागा हातात धरून ठेवा. आपण पुन्हा क्रिकेटकडे चाललोय.

कारण क्रिकेटने हा शब्द दोन्ही अर्थांनी जगून दाखवलाय. इंग्लंडमध्ये 1806पासून 1962पर्यंत 'जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स' असा सामना व्हायचा. जंटलमेन म्हणजे घरचं बरं असलेले हौशी खेळाडू. प्लेयर्स म्हणजे खेळून पोट भरणारे व्यावसायिक. देशासाठी किंवा काउंटीसाठी एकाच संघात खेळतानाही या दोन जातींच्या ड्रेसिंग रूम बऱ्याच ठिकाणी वेगळ्या असत. स्कोअरकार्डवर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची, व्यावसायिकाची आडनावानंतर. फ्रेड टिटमस हा तरुण ऑफस्पिनर 1950मध्ये लॉर्ड्सवर खेळत होता. तो व्यावसायिक असताना त्याची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली. तर लाउडस्पीकरवरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली! दोन अक्षरं कुठे बसावीत, यासाठी अख्ख्या मैदानाला माणसाची जागा दाखवून दिली.

आणि कर्णधार? तो हौशीच हवा, ही रीत. विसाव्या शतकात इंग्लंडने रीतसर नेमलेला पहिला व्यावसायिक कर्णधार होता लेन हटन. साल 1952, समोर कोण तर आपणच. हेडिंग्लेच्या त्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले शून्य धावांत चार गडी बाद झाले होते. आपल्यासाठी दुःखद आठवण, पण हटनसाठी मात्र झकास सुरुवात.

आता मुंबईत या. आझाद मैदानाच्या कडेचं बॉम्बे जिमखाना तुम्ही लोकलला जाता-येताना बघितलं असेल. 1875मध्ये स्थापन झालेला हा गोऱ्यांचा क्लब. हिंदुस्थानी माणसाला तेव्हा सदस्यत्व मिळत नसे. 1926च्या डिसेंबरमध्ये याच मैदानावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून सी. के. नायडू खेळायला उतरले आणि 153 धावा काढल्या. त्यात षटकार 11. ज्या पॅव्हेलियनमध्ये मेंबर म्हणून पाऊल टाकता येत नव्हतं, त्याच्यासमोर अकरा वेळा चेंडू हवेतून बाहेर! त्या दिवशी हवेत काय होतं आणि चढेल कोण होतं, हे वेगळं सांगायला नको. नायडूंचे फटके उंच होते, पण अपिश नव्हते.

त्याच्याही आधीची गोष्ट पुण्यातली आहे आणि ती प्रत्येक क्रिकेटवेड्या मराठी मुलाला माहीत असायला हवी. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला मुलगा. पूना क्लबवर पिच राखायचं काम करायचा, पगार महिन्याला मोजून चार रुपये. नेटमध्ये साहेबांना तासन् तास डावखुरी फिरकी टाकायचा. त्याला बॅट मात्र मिळाली नाही, कारण बॅटिंग साहेबांची. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू आठवला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांनी हातात घेतला. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपबशीतून प्यायचे आणि बाळूला चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात.

हा माणूस 1911च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेऊन परत आला. तरी त्याला हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923मध्ये. आणि विठ्ठलच्या संघाने त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा जिंकूनही दाखवली.

आता तो धागा जोडा. इंग्लंडमध्ये 'स्नॉब' म्हणजे एकेकाळी चांभार. आणि पुण्यात चांभाराच्या पोराला बाहेर चहा देणारे, ते आजच्या अर्थाने स्नॉब. शब्द फिरला, माणसं कधी फिरणार?

सगळेच वरचे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. 1932च्या आपल्या पहिल्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. स्वतःच्या खेळाची मर्यादा ओळखून ते कसोटीत बाजूला राहिले आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले सी. के. नायडू. चारच वर्षांनी, 1936मध्ये, कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे 'विझी'. त्यांनी लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला पहिल्या कसोटीआधीच मायदेशी पाठवून दिलं. स्वतः तिन्ही कसोटी खेळले आणि एकूण धावा केल्या 33. एक राजा खाली बघून चालला, दुसरा हवेत. स्कोअरबुक दोघांचंही लक्षात ठेवतं.

इथवर तुम्हाला वाटलं असेल, की कुणाला अपिश म्हणायचं हे तर सोपं आहे. इथेच खरी मेख आहे.

'अपिश' म्हणायचा अधिकार कुणाकडे असतो? शब्द काय म्हणतो बघा : जागेपेक्षा वर गेलेला. पण जागा ठरवली कुणी? अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत याच कुळातला 'अपिटी' हा शब्द गोऱ्यांनी वापरला, तो काळ्या माणसांसाठी. जो मान वर करून बोलला, चांगले कपडे घालून रस्त्यावरून चालला, हक्क मागायला आला, तो 'अपिटी'. त्याने कुणाचा अपमान केलेला नसायचा. तो फक्त वाकत नव्हता. मराठीला हे समजावून सांगायची गरज नाही. 'पायरीने राहा', 'पायरी सोडू नकोस', 'फार शेफारलाय', 'डोक्यावर बसलाय' ही वाक्यं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणी कुणाला ऐकवली, ते तुम्हाला माहीत आहे. बाळूने कर्णधारपदाची अपेक्षा केली असेल, तर तीही त्या काळी कुणाला तरी चढेलपणाच वाटली असणार.

म्हणून कुणालाही अपिश म्हणण्याआधी एक चाचणी घ्या. हा माणूस दुसऱ्याला खाली बघतोय, की स्वतः नुसता सरळ उभा आहे? पहिला चढेल. दुसरा ताठ. या दोघांत चेंडू सीमापार जाणं आणि झेल जाणं एवढा फरक आहे.

आता तुमच्या वर्गात या. समजा, एक मुलगी आहे. दहावीपर्यंत तालुक्याच्या मराठी शाळेत शिकली, आता शहरातल्या कॉलेजात फर्स्ट इयरला. पहिल्याच आठवड्यात तिने लेक्चरमध्ये इंग्रजीत एक प्रश्न विचारला. एक उच्चार घसरला. मागच्या बाकावर कुणीतरी 'व्हर्नी' म्हणून खुदकन हसलं. पुढचे काही महिने तिने तोंड उघडलं नाही. मग हट्टाने शिकली. यूट्यूब बघितलं, आरशासमोर बोलली, वाचनालयातून पुस्तकं आणली. दिवाळीला गावी गेली आणि बोलण्याच्या ओघात दोन-तीन इंग्रजी शब्द आले. लगेच कुणीतरी म्हणालं, 'बाई हवेत गेली. आता मराठी विसरणार वाटतं.'

म्हणजे इथे उंची कमी पडली म्हणून हसले आणि तिथे उंची वाढली म्हणून. दोन्हीकडे फील्डर लावलेले. तिने खेळायचं कुठून?

ही मुलगी मी कल्पनेने उभी केली आहे, पण तुम्ही ती ओळखली असेल. कदाचित ती तुमच्या शेजारी बसते. कदाचित ती किंवा तो तुम्हीच आहात. आणि तो मागच्या बाकावरचा? तोही आपल्यातलाच. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, कारण त्याला ते घरात, शाळेत, कार्टूनमधून मिळालं. त्यात त्याची मेहनत किती आणि नशीब किती, याचा हिशेब त्याने कधी केलेला नाही. बॅट घरून आणलेली आणि तोरा सेंच्युरी मारल्याचा.

क्रिकेटमध्ये एक अनुभव सगळ्यांना येतो. माणूस पुष्कळदा आपल्या लाडक्या फटक्यावरच आउट होतो. जो जमत नाही तो फटका आपण मारतच नाही, त्यामुळे त्यावर आउट होण्याचा प्रश्नच नसतो. शिष्टपणाचंही तेच. आपण हवेत जातो ते आपल्याला छान जमणाऱ्या गोष्टीमुळेच. कुणाचं इंग्रजी, कुणाचे मार्क, कुणाचं ट्रेकिंग, कुणाचं 'मी असली गाणी ऐकत नाही'. आणि हो, कुणाचं शुद्ध मराठीसुद्धा. 'आनी-पानी' म्हणणाऱ्याला हसणारा आणि 'व्हर्नी' म्हणणारा, दोघंही एकाच टीमचे.

मग करायचं काय? 2004च्या जानेवारीत सिडनीत सचिनने काय केलं ते आठवा. त्या दौऱ्यात ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला ड्राइव्ह करायला जाऊन तो आउट होत होता. सिडनीला त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ कपाटात ठेवून दिला. ऑफला खुणावणारे चेंडू सोडले आणि धावा दुसरीकडून काढल्या. 436 चेंडू, नाबाद 241. जगातला बहुधा सगळ्यात देखणा फटका ज्याच्याकडे होता, त्याने तो दाखवायचा मोह दिवसभर आवरला. येत असलेली गोष्ट न दाखवता बसणं, हे येण्यापेक्षा अवघड.

तुम्ही दिवसभर आवरायची गरज नाही. एक तास पुरे. पुढच्या ग्रुप डिस्कशनमध्ये समोरच्याने एखादा शब्द चुकीचा उच्चारला आणि तो सुधारायला तुमची जीभ वळवळली, तर तो चेंडू सोडून द्या. सुधारायचंच असेल तर नंतर, बाहेर, दोघंच असताना. काउंटरवरच्या काकांकडे बघून चहा मागा. कोचचा जुना धडाच आहे : डोकं चेंडूवर, म्हणजे थोडं झुकलेलं.

आणि वर जायची वेळ येईल तेव्हा बिनधास्त जा. नायडूंसारखे अकरा मारा. उंचीला कुणाची हरकत नाही. इंग्रजी शिका, जर्मन शिका, परदेशी जा, मोठे व्हा. कुणी 'हवेत गेला' म्हणालं, तर ती चाचणी स्वतःवर घ्या. मी कुणाला खाली बघतोय का? उत्तर 'नाही' असेल, तर खुशाल ताठ चाला.

राहता राहिली ती मुलगी. एखाद्या दिवशी ती पुन्हा हात वर करेल, पुन्हा इंग्रजीत प्रश्न विचारेल. घाबरल्यामुळे तिचा आवाज जरा चढलेला असेल. कुणाला तो शिष्टपणा वाटेल. एखादा उच्चार उठेल, अगदी कव्हरच्या हातात जाईल असा. तुम्ही तिथेच उभे असाल.

तो कॅच सोडा.